रफिकची लग्नातली पँट

कुणाला शेजाऱ्याच्या बंगल्याचा हेवा वाटतो, कुणाला भावाच्या सरकारी नोकरीचा. मला सगळ्या नोकरीभर हेवा वाटला तो एका माणसाच्या पँटीचा. पँट काही खास नव्हती. राखाडी टेरिकॉटची, खामगावच्याच शिंप्यानं शिवलेली. पण ती रफिकच्या लग्नातली होती, आणि त्याची मोठी मुलगी हायस्कुलात गेली तरी तो तीच घालून माझ्यासमोर मोटारसायकलवरून उतरायचा. उतरला की कमरेत अंगठा घालून ती जराशी पुढे ओढून दाखवायचा. आत अजून अर्धा रफिक मावेल एवढी जागा.

"लग्नातली हाय, भाऊ," तो म्हणायचा. मी विचारलेलं नसायचं.

माझी लग्नातली पँट तोवर आमच्या घरी मोटारसायकल पुसायच्या कामी लागली होती.

आम्ही दोघंही कापसाच्या बियाण्याच्या कंपनीत फिरते प्रतिनिधी. कंपन्या वेगळ्या, गाव एकच खामगाव, आणि इलाकाही तोच: इकडे नांदुऱ्यापासून तिकडे चिखली, मेहकर, लोणार, दुसरबीडपर्यंत. बाहेरच्या माणसाला वाटतं, बियाणं विकायचं म्हणजे दुकानात पाकिटं ठेवली की झालं. तसं नसतं. पाकीट विकलं जातं जूनमध्ये, पण ते विकायची मेहनत आदल्या वर्षीच्या पेरणीपासून सुरू होते. एखाद्या वजनदार शेतकऱ्याच्या रस्त्याकाठच्या वावरात आपलं बियाणं लावून घ्यायचं, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कंपनीची पाटी ठोकायची, झाड बोंडांनी लदलं की आसपासच्या गावांतले लोक गोळा करायचे आणि एका झाडाची बोंडं सगळ्यांसमोर मोजायची. मोजणाऱ्याचा आवाज चढत गेला पाहिजे. मग चहा, मग चिवडा, मग पुढचं गाव.

बीटी कापूस नवीन आला तेव्हाची गोष्ट आहे. बोंडअळीनं लोक जेरीस आले होते, आणि हे बियाणं अळीला पुरून उरतं म्हटल्यावर आम्हाला गावोगाव जावयासारखा मान होता. त्या पाकिटात एक छोटी पुडी वेगळी असायची, साध्या कपाशीची. ती वावराच्या कडेनं लावायची. का? तर अळीला खायला काहीतरी साधं मिळावं म्हणून, नाहीतर ती बीटी खाऊन खाऊन ते पचवायला शिकेल. हे समजावून सांगता सांगता माझा घसा कोरडा पडायचा आणि शेतकरी म्हणायचे, "म्हंजे साहेब, अळीचं ताट वेगळं वाढाचं?" हो, वेगळं वाढायचं. कुणी वाढलं नाही. पुडी कुणी फेकली, कुणी ढोराच्या ढेपेत, म्हणजे पेंडीत, मिसळली. पण मला दरवेळी एकच विचार यायचा: कंपनीनं अळीच्या जेवणाची सोय केली, प्रतिनिधीची नाही.

प्रतिनिधीची सोय म्हणजे बसस्टँडसमोरचं हॉटेल. सकाळी घरून निघायचं ते भाकरी व्हायच्या आत. नांदुऱ्याला पोचलो की कचोरी. कृषी केंद्राच्या मालकानं आपला माल पुढच्या फळीवर ठेवावा म्हणून त्याच्यासोबत आलुबोंडा. दुसऱ्या मालकाला वाईट वाटू नये म्हणून त्याच्याकडे समोसा. चहा तर मोजूच नये. दुपारी ढाब्यावर शेवभाजी, वर बोटभर तवंग, आणि संध्याकाळी परत येताना भूक नसली तरी गाडी आपोआप थांबायची तिथे गरम भजी. मी दुसऱ्याचं मन राखायला खात होतो असं मी आमच्या घरी सांगायचो. सौ. म्हणायची, "मन त्याईचं अन् पोट तुमचं. रफिकभाईले पाहा."

हे आणखी एक. रफिक माझा वैरी, पण आमच्या घरी त्याचं नाव निघालं की आरती ओवाळल्यासारखं निघायचं.

माझ्या पोटावर गावागावांत विनोद तयार झाले होते. पाटी ठोकायला वाकलो की पारावरून कुणीतरी म्हणायचं, "साहेबाचं बोंड फुटाले आलं बे, पाल टाका खाली, वेचा लागन." मीही हसायचो. विकायचं असलं की हसावंच लागतं.

एके वर्षी व्हायचं ते झालं. लोणारकडच्या एका वावरात आमचा मेळावा होता. पंचवीस-तीस शेतकरी, पुढे सरपंच. मधे पाण्याचा पाट. पलीकडच्या झाडाला बोंडं झकास होती. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "या, या झाडापाशी या," आणि पाट ओलांडायला उडी मारली. मी पलीकडे पोचलो. पँट दोन्हीकडे पोचली. शिवण अशी उसवली की आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. मी झाडाला पाठ लावून उभा राहिलो आणि पुढचा अर्धा तास तसाच, न वळता, हात मागे नेऊन बोंडं मोजली. लोकांना वाटलं, साहेब बिनापाहता मोजते, लय तयारीचा माणूस. शेजारच्या वावरात रफिकची पाटी होती. तो धुऱ्यावर उभा राहून सगळं पाहत होता. गर्दी पांगली तशी तो आला, खिशातून सेफ्टीपिन काढली आणि अदबीनं माझ्या हातात ठेवली.

"ठेवत असतो, भाऊ," तो म्हणाला. "मले तर लागत नाई."

त्यानंतर काही दिवसांनी जानेफळच्या रस्त्यावर मला गरगरलं आणि मी मोटारसायकलसकट निंबाच्या झाडाशी जाऊन टेकलो. लागलं फारसं नाही. पण खामगावच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि कागदावरचा आकडा पाहून आधी माझ्याकडे, मग आकड्याकडे, मग परत माझ्याकडे पाहिलं. वयानं त्या माझ्या भाचीएवढ्या.

"काका, दिवसभर काय खाता?"

मी सांगायला लागलो. त्यांनी लिहायला घेतलेलं पेन मधेच खाली ठेवलं.

"हे बघा. तेलकट बंद, गोड बंद, मैदा बंद. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळ. रोज चालायचं, भरपूर चालायचं. हिवाळ्यानंतर परत या. शुगर अशीच राहिली तर मी मोटारसायकल बंद लिहून देईन. तुम्ही आणि रस्त्यावरचे लोक, दोघांच्या भल्यासाठी."

मोटारसायकल बंद म्हणजे फिरती बंद. फिरती बंद म्हणजे अकोल्याचं गोदाम. तिथे एक खुर्ची रिकामी होती हे मला माहीत होतं, कारण तिच्यावर आधी बसणारा गृहस्थ माझ्यासारखाच प्रतिनिधी होता आणि सबंध दिवस पाकिटांच्या थप्प्यांकडे पाहून त्याची बोलायची सवय गेली होती. मला चार भिंती सोसत नाहीत. मला रोज नवीन पार लागतो, नवीन माणूस लागतो, "या साहेब" ऐकायला लागतं. आणि मी गोदामात बसलो तर इलाका कुणाला मोकळा? रफिकला. नुसत्या कल्पनेनं माझी शुगर वाढली असेल.

मग सुरू झाले प्रयोग. पहाटे पळायला गेलो तर घाटपुरीच्या रस्त्यावरची कुत्री माझ्यापेक्षा उत्साही निघाली. पळणं झालं, पण दिशा त्यांनी ठरवली. कुणीतरी ओट्स सांगितले. लोणारच्या लॉजवर मुक्कामाला असताना डबा खालच्या हॉटेलवाल्याला दिला, म्हटलं, गरम दुधात शिजवून आण. त्यानं मोठ्या मायेनं साखर, वेलची, वर काजू घालून खीर करून आणली. "साहेब, आजाऱ्यासारखं काऊन खाता? चांगलं करून आणलं." टाकवेना. वाटी चाटली. त्याच दुपारी प्रायश्चित्त म्हणून लोणारच्या सरोवराच्या खोल विवरात पायी उतरलो. उतरणं फार सोपं असतं. तिथं खाली बसून मी पाण्याकडे बघत होतो आणि वर जायची वाट माझ्याकडे बघत होती. शेवटी सरपण घेऊन चढणाऱ्या एका आजीबाईनं मला पुढे घालून वर आणलं. मी थांबलो की ती मागून म्हणायची, "चाला बाप्पा, तुमच्या मांगं मी अडकून राह्यली."

इतकं झाल्यावर मी ठरवलं, रफिकचा पिच्छा करायचा. तोही माझ्याइतकाच फिरतो, तीच गावं, तीच हॉटेलं. मग त्याला कसं काही होत नाही? काहीतरी चूर्ण घेत असणार. मी त्याच्या मागे काही अंतर ठेवून गाडी चालवायला लागलो.

पहिली गोष्ट कळली ती ही, की तो गाडी वावरात नेतच नाही. मी वावराच्या जितकी जवळ नेता येईल तितकी नेतो. तो गावाच्या वेशीवर निंबाखाली लावतो आणि तिथून पायी. एका वावरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, धुऱ्याधुऱ्यानं, दिवसभर. कृषी केंद्रात तो बसतच नव्हता. मी दुकानदाराला आलुबोंडे खाऊ घालून माझा माल पुढे ठेवून घ्यायचो, आणि हा शेतकऱ्याशीच बोलून यायचा. शेतकरी दुकानात येऊन नेमका याचाच माल मागायचा. मागच्या फळीवरून काढून द्यावा लागायचा.

दुसरी गोष्ट कळायला मला कपाशीत लपावं लागलं. माझ्या आकाराच्या माणसानं कपाशीत लपणं म्हणजे म्हशीनं हरभऱ्यात लपणं, पण लपलो. खामगाव तालुक्यातल्याच एका गावी वेचणी चालू होती. ऐन दुपारी वेचणाऱ्या बायांनी पाठीवरच्या झोळ्या उतरवल्या आणि धुऱ्यावरच्या बाभळीखाली गोल करून बसल्या. फडकी सोडली. प्रत्येकीच्या फडक्यात भाकर, एका छोट्या डब्यात भाजी. आणि मग एकेकीनं आपल्या भाजीचा चिमूटभर वाटा बाकी सगळ्यांच्या भाकरीवर ठेवायला सुरुवात केली. गोल फिरून झाला तेव्हा प्रत्येकीच्या भाकरीवर दहा-बारा ठिपके: आंबाडी, तुरीच्या दाण्यांची उसळ, वांगं, जवसाची चटणी, मेथी, ठेचा, झुणका. या गोलात, दोन बायांच्या मधे, मांडी घालून रफिक. त्याच्याही भाकरीवर सगळे ठिपके. त्यानं आपल्या डब्यातलं कैरीचं लोणचं फिरवलं. एक-दोघींनी त्याचं लोणचं घेतलं नाही, पण आपली भाजी त्याच्या भाकरीवर ठेवायला त्या विसरल्या नाहीत.

मला कपाशीत जे वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. मी ढाब्यावर पैसे मोजून एकच भाजी खात होतो आणि या माणसाला रोज बारा भाज्या, त्याही वाढून. आमच्या लग्नाच्या पंगतीत मला एवढा आग्रह झाला नव्हता.

"साहेब, बाहेर या आता. मुंग्या लागतीन," असा आवाज आला. गोलातली सगळ्यांत वयस्कर बाई, द्वारकाबाई, माझ्या दिशेनं न बघताच बोलत होती. वेचणाऱ्यांची ती मुकादम. तिला सगळ्या झाडांमागचं दिसायचं.

दुसऱ्या दिवशी मी तयारीनं गेलो. सौ.कडून भाकर आणि पातोडी बांधून घेतली, तीही आनंदानं, कारण मी म्हणालो रफिकसारखं खाणार आहे. बाभळीखाली बसलो, रफिकच्या अगदी शेजारी, त्याच्यापेक्षा थोडा पुढे. मोठ्या रुबाबात पिशवीतून फडकं काढलं, सोडलं. भाकर गुलाबी.

झालं असं, की फडकं मी सवयीनं सँपलच्या पिशवीत टाकलं होतं. आमच्या बियाण्याला किडीचं औषध चोळलेलं असतं, आणि ते कुणी चुकून खाऊ नये म्हणून त्याला भडक रंग देतात. फुटलेल्या पाकिटातली ती पूड रस्त्याभर हादरे खाऊन माझ्या भाकरीला व्यवस्थित लागली होती. शेतकऱ्यांना मी वर्षानुवर्षं बजावत होतो, बियाणं आणि खाणं एका पिशवीत ठेवू नका.

द्वारकाबाईनं भाकर पाहिली. "काय हो साहेब, भाकरीचं लगीन लावलं काय? हळद-कुंकू लावून आणली."

सगळा गोल हसून हसून आडवा झाला. रफिक तर उताणाच पडला. हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "गाडा ते. कुत्र्यालेही टाकू नका, मरन." मी खड्डा करून सौ.ची पातोडी पुरली. वळून पाहिलं तर माझ्या जागेवर अर्धी भाकर ठेवलेली, आणि तिच्यावर ठिपके.

"आज पाव्हणे," द्वारकाबाई म्हणाली. "उद्या पाव्हणे नाई. उद्या डब्बा पायजे."

दुसऱ्या दिवशी डबा होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. गाडी वेशीवर ठेवायला लागलो, कारण रफिक पायी आणि मी गाडीवर हे बायांसमोर शोभेना. सुरुवातीला तीन वावरांनंतर माझा श्वास गावभर ऐकू यायचा. रफिक पुढे चालता चालता मागे न वळता म्हणायचा, "हायेस का गेला?" हळूहळू मला कळलं, की त्या ठिपक्यांत एक गंमत आहे. जीभ बारा वेळा खूश होते आणि पोटात जातं मात्र मोजकंच. मला वेगवेगळ्या गावांचे गोल माहीत झाले. कुठे कढी चांगली, कुठे कळण्याची भाकर, आणि द्वारकाबाईच्या गोलातली शकिलाबी लसूण जास्त घालते. दुसरबीडकडे एका गोलात मला "बसा की दादा, उभ्यानं काय खाता" म्हणत, आणि तिथं रफिकच्या आधी मी पोचलो होतो, हे मी रफिकला महिनाभर सांगत होतो.

एकदा कौतुकानं मी द्वारकाबाईला डॉक्टरीणबाईंची यादी ऐकवली. तेल नको, साखर नको, भाकर, पाला, डाळ, आणि दिवसभर चालणं.

ती भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिली. "तुमची डाक्तरीण आमच्या घरी जेवून राह्यली काय, साहेब?" मग शेजारणीला म्हणाली, "पाह्य वो, आपलं जे हाय ते याईले लिहून द्या लागते. अन् आपल्याले कोणी तेल लिहून देत नाई."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. पण घरी जाताना तो शब्द गाडीच्या मागच्या सीटवर बसून आला. मला जे पथ्य होतं ते त्यांचं रोजचं होतं, आणि त्यांनी ते निवडलेलं नव्हतं.

हिवाळ्यानंतर आकडा उतरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, काय केलंत?" मी म्हटलं, "पंगतीला बसलो." फिरती राहिली, पण दर हिवाळ्यानंतर तपासणीला यायचं हेही राहिलं. पुढे काही वर्षं अशी चांगली गेली. पट्ट्याला मी स्वतः खिळ्यानं दोन नवी भोकं पाडली आणि ती रफिकला दाखवली. तो म्हणाला, "पट्टा नवीन घे, भाऊ. भोकं पाडून काय होते?"

मग शेंदरी, म्हणजे गुलाबी बोंडअळीचं वर्ष आलं.

ती काही एका दिवसात आली नव्हती. अळी बीटी पचवायला शिकत होती, आणि कडेला तिच्यासाठी साधं ताट कुणी वाढलंच नव्हतं. अळीची एक वाईट खोड असते: ती बोंडाच्या आत बसून खाते. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक. वर्षभराची मेहनत आणि फवारण्या झाल्यावर, फुटायच्या वेळी ते फुटतच नाही. फोडून पाहावं तर आत डागी, चिकटलेला कापूस, त्याला कवडी म्हणतात, आणि मधे गुलाबी अळी. त्या वर्षी माझ्या पाटीच्या वावरात, रफिकच्या पाटीच्या वावरात, सगळीकडे तेच. पाकिटावरची नावं वेगळी होती, आतली गोष्ट एकच होती.

लोकांनी पाट्या उपटल्या. एका गावात प्रतिनिधीला पारावर बसवून दिवसभर उठू दिलं नाही. आम्हाला वरून निरोप आला: गावांत जाऊ नका, दुकानांतच थांबा. मी थांबलो. दुकान म्हटलं की चहा आला, चहा म्हटलं की कचोरी. भीतीनं भूक मरते म्हणतात, माझी दुप्पट झाली. चिखलीत, मेहकरात, जिथं बसलो तिथं खात बसलो, आणि दुकानाच्या शटरकडे डोळा ठेवून खाल्लं. पट्टा जुन्या भोकावर गेला. सकाळी गाडीला किक मारताना डोळ्यांपुढे काजवे दिसायला लागले. तपासणी पुढच्याच महिन्यात होती. अकोल्याची ती खुर्ची मला स्वप्नात दिसायची, तिला आता गादी घातलेली होती.

त्याच सुमारास एका दुकानदारानं सहज सांगितलं, "तो रफिक वेडा हाय काय? रोज वावरात जाते म्हणते."

"मारला नाही कुणी?"

"मारते कायले? जेवू घालून राह्यले त्याले."

मी अर्धी कचोरी खाली ठेवली. खोटं कशाला बोलू, मला शेतकऱ्यांची आठवण झाली नाही, कंपनीचीही नाही. मला एवढंच दिसलं: बाभूळ, गोल, आणि रफिकच्या भाकरीवर बारा ठिपके. एवढ्या मोठ्या संकटातही या माणसाला आपलं ताट सुटलं नाही! मी तसाच घरी गेलो. "उद्या डबा कर," सौ.ला म्हटलं. तिनं आंबाडी केली.

गाडी वेशीवर लावली. नेहमीच्या पारावर माणसं होती, कुणी "या साहेब" म्हणालं नाही, कुणी अडवलंही नाही. धुऱ्यानं चालत बाभळीपर्यंत पोचलो. गोल लहान झाला होता. वेचायलाच काही नव्हतं, तर बाया कशाला येतील? पाच-सहाच होत्या. भाजीचे डबे तर त्याहून कमी. बहुतेकींच्या भाकरीवर नुसतं तिखट-मीठ. रफिक बसला होता, पण लोणच्याचा डबा त्यानं मधोमध उघडा ठेवला होता, आणि त्याचं लोणचं न घेणारीही आज घेत होती.

द्वारकाबाई जराशी सरकली. मी बसलो. फडकं सोडलं आणि आंबाडी सगळ्यांच्या भाकरीवर ठेवली. कुणी नको म्हटलं नाही. कुणी माझ्याकडे पाहिलंही नाही. माझी भाकर मात्र कोरीच राहिली.

मग द्वारकाबाई उठली. बाजूला ठेवलेल्या तिच्या झोळीतून तिनं एक हिरवं बोंड काढलं, माझ्यासमोर बसली, अंगठ्यानं ते फोडलं आणि माझ्या भाकरीच्या मधोमध ठेवलं. आतून गुलाबी अळी बाहेर आली, आणि तिला उजेड सोसेना म्हणून परत आत वळायला लागली.

"घ्या," ती म्हणाली. "तुमच्याच बियाण्याचं हाय. ज्याचं त्याच्या पानात."

आवाज चढलेला नव्हता. वाढताना असतो तसाच होता. मला उठून जाता आलं असतं. मी मान खाली घालून त्या बोंडाकडे बघत राहिलो. मग रफिककडे पाहिलं. हा आता हसेल, कमरेत अंगठा घालेल.

तो हसला नाही. हळूच म्हणाला, "मले पहिल्याच दिवशी भेटलं. दोन."

आता यावर कुणाला काय वाटेल ते वाटो. त्या भर दुपारी, भाकरीवर अळी चालत असताना, मला हेवा वाटला, तोच जुना, पँटीच्या वेळचा. याला माझ्या आधी मिळालं. आणि दोन मिळाली. मी इतके दिवस दुकानात बसून कचोऱ्या खात होतो तेव्हा हा इथं रोज येऊन आपल्या वाट्याचं खात होता.

"बाई," मी म्हणालो, "मले एकच काऊन?"

मग शकिलाबीनं तोंडाला पदर लावला. द्वारकाबाईनं माझ्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"उद्या या," ती म्हणाली. "लय हायेत."

मी बोंड उचलून फडक्याच्या कडेला ठेवलं आणि त्याच्याखालची भाकर खाल्ली. कोरडी.

दुसऱ्या दिवशी गेलो. बोंड मिळालं. तिसऱ्या दिवशीही. रफिक आणि मी मिळून, कुठलीही कंपनी सांगत नसताना, गावोगावची फुटलेली नि न फुटलेली बोंडं पाहत पायी फिरलो, शिव्या खाल्ल्या, वरच्यांना फोन लावले, ते उचलले गेले नाहीत. एका दुपारी बोंडासोबत चिमूटभर ठेचाही माझ्या भाकरीवर आला. कुणी ठेवला ते मी पाहिलं नाही, पाहायचं नव्हतंच. पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला, काठावर होता. त्यांनी बराच वेळ पेन फिरवलं आणि मोटारसायकल चालू राहू दिली. निवृत्त झालो तो फिरतीवरूनच.

रफिक अजून खामगावातच आहे, अजून सडपातळ आहे, मला भेटला की अजून चिडवतो. पण त्या हिवाळ्यात एकूण बोंडं कुणाला जास्त मिळाली, हा प्रश्न निघाला की विषय बदलतो. माझ्या हिशेबानं मला त्याच्यापेक्षा चार-पाच तरी जास्त. तो मानत नाही.